जवळचं मोठं लोखंड

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. तुझा फोन इंजिनरूमच्या तेलात पडला, असं तुमच्या कंपनीच्या ऑफिसातल्या बाईंनी आईला कळवलं. आई आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "बरं झालं, आता तरी माझा भाऊ पत्र लिहील." त्या बाई म्हणतात, पत्र त्यांच्याकडे दिलं की जहाज पुढच्या बंदराला लागेल तिथे पोचतं. म्हणून पहिलं पत्र माझंच.

कारण मात्र स्वार्थी आहे. मी कॉम्प्युटर बांधतेय. तयार आणत नाहीये, एकेक भाग निवडून स्वतः बांधतेय, आणि तो हिशेब-पत्रव्यवहाराचा नाही, गेम खेळायचा. हसू नकोस. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, संध्याकाळी घरी येऊन आईच्या शिलाई मशीनचा आवाज ऐकत भिंतीकडे बघायचं, ह्याचा मला आता कंटाळा आलाय. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी घरात इतक्या हळू बोलतो की खालच्या मजल्यावरच्यांना वाटत असेल वर कुणी राहतच नाही.

तर प्रश्न असे. प्रोसेसर भारी घ्यावा की ग्राफिक्स कार्ड? दुकानदार म्हणतो दोन्ही. तो तसंच म्हणणार. रॅम नंतर वाढवता येते म्हणे. मदरबोर्ड कुठला बसेल हे मी आठवडाभर वाचतेय आणि डोक्याचं भजं झालंय. कॅबिनेट मात्र ठरलं. एका बाजूला काच आहे आणि आतले पंखे रंग बदलतात. आई म्हणाली, "हे काय, शोभेचे मासे ठेवायचं?" पण बघत मात्र बराच वेळ उभी राहिली.

तू विजेतला माणूस. सल्ला दे.

तुझी भाची,
ठमी


२१ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. पत्र हातात पडलं तेव्हा मी जनरेटरच्या खाली आडवा होतो. तिथेच वाचलं. पोरांनी विचारलं, घरून काही वाईट बातमी का? म्हटलं, नाही रे, भाची बिघडली.

कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. प्रोसेसर आणि कार्ड ह्यांच्या भांडणात मी पडत नाही, ते तुझं तू निस्तर. तू चष्म्याच्या काचा घासणारी पोरगी आहेस, तुझा हात स्थिर आहे, बांधणं तुला जमेल. मला कळते ती वीज. आणि विजेच्या बाजूने माझं एकच म्हणणं आहे, ते नीट ऐक. पॉवर सप्लायवर काटकसर करू नकोस. त्या डब्यात सगळ्यांना जेवायला घालणारा तोच. दिसायला कळकट, कोपऱ्यात बसतो, रंगबिंग बदलत नाही, म्हणून लोक त्याच्यावर पैसे वाचवतात आणि मग रडत बसतात. नवा घे, नावाजलेला घे, पावती घे. त्यासाठी पंख्यांचे रंग कमी पडले तर पडू देत.

ताईला सांग, पत्र लिहिलं. आणि भिंतीकडे बघत बसू नकोस हे बरं केलंस. तुझ्या आईचं मला कळतं, ती बोलायची नाही. लहानपणी दात दुखला तरी गाल धरून हसायची. तिच्यावर लक्ष ठेव.

मामा


१९ मार्च

प्रिय मामा,

झाला! चालू झाला! पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा काहीच झालं नाही आणि मी खाटेवर बसून चक्क रडले. मग कळलं, एक तार खोचायचीच राहिली होती. ती खोचली, पंखे फिरले, काचेतून निळा उजेड आला आणि आई हातातली उसवलेली विजार तशीच घेऊन दारात येऊन उभी राहिली. "दिसतं बाई छान," म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

कार्ड वापरलेलं घेतलं, पण चांगलं आहे. प्रोसेसर मधला. रॅम सध्या थोडी. पॉवर सप्लाय तू म्हणालास तसा भक्कम आहे, उचलताना हात भरून येतो.

आता मजा ऐक. मी चार जणांच्या टोळीत खेळते. कुणाला कुणी पाहिलेलं नाही, कानाला हेडफोन लावायचा आणि बोलायचं. मी सगळ्यांत नवी, सारखी मरते, म्हणून त्यांनी माझं नाव लिंबूटिंबू ठेवलंय. त्यातला एक, ज्याला आम्ही काका म्हणतो, त्याने त्याचा जुना हेडफोन मला कुरियरने पाठवला. न बघता, न ओळखता. मी पत्ता कळवला तेव्हा आईने तासभर भाषण दिलं. अनोळखी माणसं कशी फसवतात, वगैरे. मग मीही तिला सांगितलं की अनोळखी नंबरचे फोन तू उचलायचे नाहीत. फिट्टंफाट.

एक बारीक गोष्ट विचारायची राहिली. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण होतं. फार नाही, बोट झोपलं की होतं तसं. आपल्या घरातले सॉकेट जुने, दोन भोकांचे, तिसऱ्या पिनेला जागाच नाही. मी मध्ये एक जोड लावलाय. हे चालतं ना?

ठमी


६ एप्रिल

लिंबूटिंबूस आशीर्वाद.

नाव झकास आहे. जहाजावर सगळ्यांना सांगितलं. आमचा कुक म्हणाला, तिला आमच्याकडे पाठवा, इथेही सगळे सारखे मरतायत.

झिणझिण होते म्हणजे पत्र्यावर थोडी वीज उतरते आणि तिला जायला वाट मिळत नाही. तिसरी पिन त्याचसाठी असते. तिला वाट करून दिली की झालं. आम्ही काय करतो सांगतो. एक चांगली जाड तार घे, तिचं एक टोक कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूखाली घट्ट आवळ, आणि दुसरं टोक जवळच्या मोठ्या लोखंडाला. रंग असेल तर खरवडून काढ, उघड्या धातूला तार लागली पाहिजे. माझी अठरा वर्षं ह्या एका नियमावर गेली आहेत: पत्रा झिणझिणला की जवळच्या मोठ्या लोखंडाला तार. इथे प्रत्येक पंपाला, प्रत्येक मोटरला, चहाच्या किटलीच्या टेबलालासुद्धा अशी तार आहे.

पंधरा मिनिटांचं काम आहे. काम करताना प्लग काढून ठेव, एवढं सांगायला नको.

आमचं पुढचं बंदर लांब आहे. तुझी पत्रं साठतील, पण लिहीत जा.

मामा


२८ एप्रिल

प्रिय मामा,

तू जादूगार आहेस. तार लावली आणि झिणझिण गायब. अगदी शून्य. आता मी पत्र्यावर हात ठेवून बसते, काही नाही.

मोठं लोखंड शोधताना मात्र दमछाक झाली. खिडकीचे गज भिंतीत नुसते खोचलेले आहेत, खाटेचा काय भरवसा. मग लक्षात आलं, माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे आणि तिथे नळाचा जुना लोखंडी पाइप वर छतापर्यंत गेलाय. भिंतीला तिथे आधीच भोक होतं. तार आरपार घातली, पाइपचा रंग खरवडला आणि पट्टीने आवळली. नशीब बघ, मागच्या वर्षी नळवाल्याने खालच्या मजल्यापासून टाकीपर्यंत सगळा पाइप काढून प्लास्टिकचा घातला, आमच्या मजल्यावरचा तेवढा जुना राहिला. तोही बदलला असता तर मी कुठे गेले असते?

कार्ड आता पूर्ण ताकदीने चालवते. टोळीत माझी बढती झालीये, म्हणजे मी आता शेवटून दुसरी मरते. काल काकाने असा काही आवाज काढला की मी हसून हसून खुर्चीवरून खाली आले. आई धावत आली, काय झालं म्हणून. तिला सांगायला गेले तर मलाच पुन्हा हसू. ती बघत राहिली आणि मग तीही हसायला लागली, कशावर ते न कळता.

आईचं एक बरं नाही. तिच्या हाताला मुंग्या येतात. संध्याकाळी भांडी घासताना एकदम हात झटकते. विचारलं तर म्हणते, "वय झालं." परवा हातातून काचेचा पेला सुटला. तिचं सगळं काम सुईवर चालतं, मामा, बोटंच गेली तर ती काय करेल? मला भीती वाटते. बाबांचंही असंच छोट्या कुरबुरीने सुरू झालं होतं.

ठमी


१५ मे

प्रिय ठमे,

बढतीबद्दल अभिनंदन. पाइपचं डोकं छान चालवलंस, माझी भाची शोभतेस.

ताईच्या मुंग्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. आमच्या दुसऱ्या इंजिनिअरला असंच झालं होतं, जीवनसत्त्व कमी पडलं होतं म्हणे. गोळ्या घेतल्या, बरा झाला. आयुष्यभर वाकून शिवण करते ती, मान आखडली असेल, शिरा दबल्या असतील. ती आपणहून जाणार नाही. तू हाताला धर आणि डॉक्टरकडे ने. मी सांगितलंय म्हणावं. मोठी बहीण असली तरी ह्या बाबतीत मी मोठा.

मामा


२४ मे

छोट्यास आशीर्वाद.

हे पत्र पोरीला न सांगता लिहितेय. कंपनीच्या बाईंकडे मी स्वतः नेऊन देणार आहे. तूही तिला ह्यातलं काही लिहायचं नाहीस.

मला कसलाही आजार नाही. नळ चावतो.

आधी मलाही वाटलं हातच गेले. मग ध्यानात आलं, तिचा पंखा पलीकडे घूं करायला लागला की नळाला बोट लावायची सोय नाही. तिचं यंत्र बंद असलं की तोच नळ गरीब गाय. मी काही शिकलेली नाही, पण एवढं समजायला शाळा लागत नाही. ती सकाळी आंघोळ करते तेव्हा यंत्र बंद असतं, म्हणून तिला काही होत नाही. संध्याकाळी ती खोलीत आणि मी मोरीत.

तू म्हणशील, मग तिला सांग की. सांगितलं तर ती त्याच मिनिटाला ते बंद करेल, दुसऱ्या दिवशी विकून टाकेल आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल. तिचे बाबा गेल्यापासून हे घर कसं होतं, तू पाहिलेलं नाहीस. आता मी शिवत असते आणि भिंतीपलीकडे ती हसते. त्या माणसांचे आवाजही येतात हेडफोनातून, बारीक. एक म्हातारा आहे, खोकत बोलतो. एक मुलगी आहे, सारखी शिव्या देते पण मनाने चांगली असावी. मी त्यांना ओळखायला लागलेय. एवढं हसू ह्या घरात पुन्हा येईल असं मला वाटलं नव्हतं रे.

मी उपाय काढलाय. रबरी चपला घालून मोरीत गेलं की नळ चावत नाही. आंघोळीची बादली आधीच भरून ठेवते. हल्ली जरा जास्त चावतो, पण चपला असल्या की नाही. फक्त एवढं कळव, ह्या चपला पुरतात ना? जाड आहेत. तू होय म्हणालास की माझा जीव भांड्यात पडेल.

तुझी ताई


४ जून

प्रिय मामा,

आईला नेलं डॉक्टरकडे. दोन माणसं लागली असती, पण तुझं पत्र दाखवलं तेव्हा हूं की चूं न करता आली. डॉक्टरांनी हातोडीने गुडघे ठोकले, टाचणीने तळवे टोचून बघितले. आई सगळ्याला "नाही, काही होत नाही" म्हणत होती. मी म्हटलं, डॉक्टर, ही खोटं बोलते, हिच्या हातातून भांडी पडतात. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या संपल्या की रोज संध्याकाळी मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय आणि हात शेकायला सांगितलंय. रक्त फिरतं राहील म्हणाले. आईचा चेहरा असा झाला, जणू शिक्षा सुनावलीये. "मला नाही शेकायचं," म्हणते. लहान मूल बरं. मी मोठा स्टीलचा टब बघून ठेवलाय, न्हाणीघरात नळाखाली बरोबर मावेल. गोळ्या पुढच्या आठवड्यात संपतात, म्हणून चौदा तारखेच्या रविवारपासून सुरू. मी स्वतः समोर बसून शेकवणार.

एक गंमत. दुकानात काच कापायचं नवं मशीन आलं, ते शिकायला मला चार दिवस बाहेर पाठवलं होतं. परत आले तर आई म्हणते, "तू नव्हतीस तेवढे दिवस हात अगदी चांगले होते." आणि लगेच जीभ चावली. मी म्हटलं, म्हणजे माझ्यामुळेच मुंग्या येतात तुला! ती हसली नाही.

दुसरं सांगायचं तर, तुझ्याशी मी खोटं बोलले. पॉवर सप्लाय नवा नाही. काचेच्या कॅबिनेटमध्ये आणि कार्डात सगळं संपलं, मग एका दुरुस्तीवाल्याच्या खोक्यातून जुना घेतला. त्यावरचा कागद फाटलेला होता, पण वजनाला चांगला वाटला. हल्ली तो चालू होताना टक् करतो आणि करपल्यासारखा वास येतो, थोडा वेळच. पुढच्या महिन्यात नवा घेणार आहे, शप्पथ. रागावू नकोस.

ठमी


रविवार, १४ जून

ठमे आणि ताई, जी आधी वाचेल तिने,

हे पत्र पुरं वाचत बसू नका. जिन्यातला मेन स्विच आधी खाली करा. मग वाचा.

आज सकाळी बंदराला लागलो आणि तुमची दोन्ही पत्रं एकदम हातात पडली. जहाजाचं काम बघणाऱ्या इथल्या एजंटच्या ऑफिसातून ताईच्या नंबरवर फोन लावतोय. वाजतो आणि कुणी उचलत नाही. पुन्हा लावतो, पुन्हा वाजतो. मग आठवलं, अनोळखी नंबर उचलायचा नाही असा तुमच्याकडे नियम आहे. ठमीचा नंबर मला पाठ नाही, तो बुडालेल्या फोनबरोबर गेला. एजंटने आमच्या कंपनीच्या ऑफिसला फोन लावला, रविवार म्हणून तिथे कुणी नाही. म्हणून मध्ये मध्ये हे लिहितोय. एजंट म्हणतो, विमानाने जाईल.

ठमे, तो पाइप. मी गाढव आहे. जहाजावर सगळं अंग एकच लोखंड असतं आणि ते समुद्रात बुडलेलं असतं. इथे कुठल्याही लोखंडाला तार बांधली की वीज पाण्यात जाऊन मरते, माणसाच्या वाट्याला येत नाही. अठरा वर्षं मी जमिनीवरच्या घरात वायरिंग केलेलं नाही, मला दुसरं सुचलंच नाही. तुमचा पाइप खाली प्लास्टिकचा आहे. तू लिहिलं होतंस, मी वाचलं होतं आणि त्याच्यावरून तुला शाबासकी दिली होती. त्या पाइपमधून वीज खाली जमिनीत जात नाही. ती नळात येऊन बसते आणि ओल्या पायाने कुणी हात लावायची वाट बघते. त्यात तो जुना डबा, करपल्याचा वास येणारा. तो आतून फुटत चाललाय, म्हणून नळ रोज जास्त चावतो.

ताई, चपला पुरत नाहीत. पुरत नाहीत. एक थेंब आत गेला की संपलं. आणि शेकायला तू चपला काढून बसणार.

मेन स्विच खाली, मग प्लग काढायचा, मग तार. आधी नाही. टबात पाय घालू नका. नळाला हात लावू नका. इथे आता संध्याकाळ होत आलीये, तुमच्याकडेही होत आली असेल.

पुन्हा फोन लावला. वाजतोय.

छोट्या


९ जुलै

छोट्यास आशीर्वाद.

कंपनीने तुला कळवलं हे मला माहीत आहे. जहाज मध्येच सोडून येता येत नाही, हेही बाईंनी समजावलं. येऊ नकोस. सावकाश ये.

तुझं पत्र पोचलं. तू फोन करत होतास तेव्हा काय चाललं होतं, ते तुला कुणीतरी सांगायला हवं आणि ते सांगायला माझ्याशिवाय कुणी नाही.

ती खेळ मध्येच ठेवून उठली होती. यंत्र चालूच होतं. टबात तिने गॅसवरचं पाणी ओतलं, मीठ टाकलं, माझ्यासाठी स्टूल ठेवलं. मी स्टुलावर बसले आणि चपला काढेना. आज नको म्हटलं, डोकं दुखतंय म्हटलं. ती हसत होती. बाहेर फोन वाजत होता. मी म्हटलं, बघते कोण आहे, निदान तेवढ्यावर सुटका होईल. ती म्हणाली, "राहू दे, सकाळपासून तोच नंबर आहे, फसवणारे असतात. आधी पाय." मग म्हणाली, "तू भितेस कशाला? थांब, मी आधी घालते." आणि अनवाणी टबात उभी राहिली. पाणी कढत होतं. "अगं बाई," म्हणाली आणि गार पाणी सोडायला नळाकडे हात केला.

एवढे दिवस मी गप्प राहिले होते, छोट्या. तोंडाला तीच सवय लागली होती. मी "नको" म्हणेपर्यंत तिचा हात नळावर होता.

माझ्या पायांत चपला होत्या म्हणून मला तिला ओढता आलं. पण ती सुटली तेव्हा नुसतं अंग सुटलं. खालची माणसं आली, कुणीतरी मेन स्विच पाडला, डॉक्टर आले. त्यांनी काही केलं नाही कारण करायला काही उरलं नव्हतं.

तू लिहितोस, मी गाढव. तू तार सांगितलीस, तिने जुना डबा आणला, मी तोंड मिटून बसले. ह्याची वाटणी करत बसू नकोस. वाटणी केली तर माझ्या वाट्याला जास्त येईल, कारण तुम्हा दोघांना माहीत नव्हतं आणि मला होतं. मी तिचं हसू राखत होते. तिला सांगू नकोस म्हणून तुला बजावलंही होतं.

वायरमन येऊन सगळं काढून गेला. यंत्र न्यायला विचारत होता. मी देत नाही. काचेआड नुसतं उभं आहे, अंधारं.

परवा दुपारी दार वाजलं. तिघं जण होते. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, एक पोरगी कॉलेजातली, आणि एक उंच मुलगा, तो सगळ्यांच्या मागे. गृहस्थांच्या हातात कुरियरची जुनी पावती होती. म्हणाले, "लिंबूटिंबू इथेच राहते ना?" मी म्हटलं, ह्या नावाचं इथे कुणी नाही. दार लोटतच होते तेवढ्यात ते खोकले. तो खोकला मी भिंतीतून रोज ऐकला होता. मी दार पुन्हा उघडलं.

आत येऊन बसले. मुलीने खोलीकडे बघितलं, हेडफोन खुंटीला होता. "रागावली आहे का ती आमच्यावर?" म्हणाली. "त्या दिवशी म्हणाली, आईचे पाय शेकून दोन मिनिटांत येते. आम्ही थांबलो होतो. रोज लावून बघतो, तिची जागा आम्ही कुणाला दिलेली नाही."

मला सांगता येईना. माझ्याकडे बघून त्या गृहस्थांना वाटलं, मी आजारी आहे. ते जरा पुढे झाले आणि मोठ्या मायेने म्हणाले, "आता पाय कसे आहेत तुमचे? मुंग्या कमी झाल्या का?"

मी म्हटलं, "हो. आता अजिबात येत नाहीत."

तुझी ताई